विचारा तर खरं : सोरोरिटीचं घर, वर्गणी आणि चेक कुणाच्या नावाने

या महिन्यात पत्रपेटी उघडली तर निम्मी पत्रं एकाच विषयावर, अमेरिकेतल्या सोरोरिटीचं घर आणि त्यासाठी जुन्या मुलींकडून गोळा होणारे पैसे. मला आधी वाटलं कुणी चेष्टा करतंय. मग लक्षात आलं की आपल्या लोकांच्या मुली आता तिकडेच जन्मून, तिकडेच शिकून चाळिशीला आल्या, म्हणजे पैसे मागायचं आणि द्यायचं वय झालं की त्यांचं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं मंडळ, नाव ग्रीक अक्षरांचं, एका कॅम्पसवरच्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि त्या शाखेचं राहायचं-जेवायचं घर म्हणजे चॅप्टर हाउस. चाळीस-पन्नास-साठ मुली तिथे राहतात, बाकीच्या जेवायला आणि मीटिंगला येतात. एकदा मेंबर झालं की मरेपर्यंत मेंबर, शिकून बाहेर पडलेल्या सगळ्या अलम्नी. १९०२ पासून चालत आलेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये अशा २६ सोरोरिट्या आहेत, त्याशिवाय बाहेरच्या कितीतरी. मी स्वतः १९८६ ला सांगलीहून अमेरिकेत काकांकडे आले, मिडवेस्टात बीएस्सी केलं, दुसऱ्या वर्षी एका सोरोरिटीत शिरले ते मुख्यतः तिथे गरम जेवण मिळायचं म्हणून, आणि पुढे त्याच घराच्या कॉर्पोरेशनची, म्हणजे घराची मालकी असलेल्या अलम्नींच्या संस्थेची, सात वर्षं खजिनदार होते. तेव्हा या विषयात मार खाल्लेला आहे. चला.

ताई, नमस्कार. आमच्या चॅप्टरचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय. बजेट ६८ लाख डॉलर, बेड ५६. शिल्लक ६ लाख. अलम्नी १७०० आहेत पण पत्ते धड असलेल्या ९०० च. मला फंडरेझिंग कमिटीत घातलंय कारण म्हणे मी खूप बोलकी आहे. मी आयुष्यात गणपतीची वर्गणीसुद्धा मागितलेली नाही. सगळ्या म्हणतायत एक छान ईमेल काढू, प्रत्येकीने ४ हजार दिले की झालं. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. — बोलकी, ओहायो

बोलके, तुला पटत नाहीये ते बरोबर आहे, का ते मी सांगते. ६८ लाख भागिले १७०० केलं की ४ हजार येतात, गणित चोख, पण ही सोसायटीच्या पेंटिंगची वर्गणी आहे, जिथे प्रत्येकाचा फ्लॅट आहे आणि न देणाऱ्याचं नाव बोर्डावर लागतं. इथे कुणाचा फ्लॅट नाही. एकीला ४ हजार म्हणजे तीन महिन्यांचं डेकेअर, दुसरीला ४ हजार म्हणजे काहीच नाही, आणि तू दोघींना सारखंच मागितलंस तर पहिली काहीच देणार नाही आणि दुसरी ४ हजार देऊन मोकळी होईल, जी कदाचित ४ लाख देणार होती. दुसरीचं नुकसान जास्त मोठं.

आता आधी हे ठरवा की ६८ लाख सगळे मागायचेच नाहीत. घर म्हणजे राहायची जागा, तिथे भाडं येतं, त्यामुळे थोडं लोन घ्यायला काही हरकत नाही. समजा ६ शिल्लक, ३० गोळा केले, ३२ लाखांचं लोन. सात टक्के आणि तीस वर्षं धरून चाल, हप्ता महिन्याला साधारण २१ हजार ३०० येतो, वर्षाचे अडीच लाखांच्या वर, म्हणजे ५६ बेडांवर वाटलं तर बेडमागे वर्षाला साडेचार हजार डॉलर नुसते हप्त्याचे, त्यावर जेवण, वीज, हाउस डायरेक्टरचा पगार, इन्शुरन्स वेगळं. बाहेर राहणाऱ्या मुलींकडून घराची फी घेतात ती धरली तर भार थोडा कमी होतो. आता कॅम्पसवरच्या डॉर्मच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहाच्या, रेटशी हे लावून बघ. डॉर्म स्वस्त पडत असेल तर मुली राहायला येणार नाहीत, आणि रिकाम्या बेडचा हप्ता पण भरावाच लागतो. हा हिशेब कमिटीच्या पहिल्याच मीटिंगला कागदावर मांड. आमच्याकडे तो सगळ्यात शेवटी मांडला गेला, आर्किटेक्टने गोल जिना काढून दिल्यावर, आणि एकदा गोल जिना बघितलेल्या बायकांना तो नको म्हणून सांगणं काय असतं ते मला विचार.

३० लाखांचं कसं. इथे सगळे पिरॅमिड करतात, शाळा असो चर्च असो. एकीकडून ५ लाख, दोघींकडून अडीच-अडीच, चौघींकडून १ लाख, आठ जणींकडून ५० हजार, सोळा जणींकडून २५ हजार. झाल्या किती, ३१ बायका, आणि पैसे झाले २२ लाख. मग चाळीस जणींचे १०-१० हजार, ते ४ लाख. उरलेले ४ लाख बाकीच्या शेकडो मिळून, शंभर, पाचशे, हजार. बघ, १७०० मधल्या ३१ जणींवर सगळा डोलारा. आणि प्रत्येक होकारासाठी तीन-चार जणींना विचारावं लागतं, म्हणजे तुझं खरं काम शंभर-सव्वाशे बायकांना प्रत्यक्ष भेटणं आहे. ईमेल त्यानंतर.

त्याआधी दोन गोष्टी. पहिली, ज्यांच्याकडे पैसा आहे आणि ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा तीसेक जणींना पैसे न मागता नुसतं विचारायचं, नवीन घर हवंय का, किती वाटतं, तू काय करशील. याला फीजिबिलिटी स्टडी म्हणतात आणि त्यासाठी कन्सल्टंट भरपूर पैसे घेतो. पण बाहेरच्या माणसाला लोक खरं सांगतात हेही आहे. आमच्या इथे एकीने कन्सल्टंटला सांगितलं की १९७८ ला मला खोली वाटपात डावललं होतं, मी एक डॉलर देणार नाही. आम्हाला तोंडावर कधी बोलली नसती.

दुसरी, क्वाएट फेज. निम्म्याहून जास्त रक्कम, जमलं तर साठ-सत्तर टक्के, खाजगीत जमेपर्यंत गाजावाजा करायचा नाही. आपल्याकडे मंडपाच्या आधी पावतीपुस्तक छापतात, इथे उलटं. कारण साधं आहे, जाहीर केल्यावर थर्मामीटरचं चित्र लावलं आणि त्यात ९ टक्के भरलेलं दिसलं तर पुढचा माणूस खिशात हात घालत नाही, आणि ६५ टक्के दिसलं की सगळ्यांना शेवटच्या गाडीत चढायचं असतं.

आता मागायचं कसं, तुझी खरी भीती ती. माझं पहिलं मागणं ऐक. बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, स्वतःचा मोठा बिझनेस, घरी बोलावलं, कॉफी दिली. मी पाठ करून गेले होते, तुम्ही २५ हजारांचा विचार कराल का. म्हणाले. ती गप्प. चार सेकंद झाली असतील, मला ती चार तासांसारखी वाटली आणि माझ्या तोंडून निघालं, किंवा दहा, पाच वर्षांत विभागून, किंवा जमेल तेवढं हो, फुल ना फुलाची पाकळी. इंग्रजीत फुलाच्या पाकळीचं भाषांतरही केलं मी. तिने ५०० चा चेक लिहिला. नंतर दोन वर्षांनी मला म्हणाली, मी तेव्हा गप्प होते कारण २५ कुठल्या अकाउंटमधून द्यायचे याचा विचार करत होते. तर आकडा सांग आणि गप्प बस. कॉफी पी, भिंतीवरचे फोटो बघ, पण तोंड उघडू नकोस. बोलक्या माणसाला हे सगळ्यात कठीण, म्हणून तुला मुद्दाम सांगतेय. आणि जाण्याआधी स्वतःचं प्लेज भरून जा, मी इतके देतेय असं सांगता आलं पाहिजे, मग ते हजार का असेना.

प्लेज म्हणजे लेखी कबुली, सहसा तीन ते पाच वर्षांत हप्त्याने द्यायची. त्यामुळे कागदावर ३० लाख दिसले तरी पहिल्या वर्षी हातात सहा-सात-आठ येतात, आणि कॉन्ट्रॅक्टर काही पाच वर्षं थांबत नाही. मधल्या काळासाठी बँक वेगळं लोन देते, सही केलेली प्लेजेस बघून. म्हणून तोंडी हो म्हणालेली प्रत्येक बाई कागदावर आण. तोंडी हो म्हणणाऱ्या खूप असतात, विशेषतः रीयुनियनच्या रात्री.

पत्त्यांचं म्हणशील तर आठशे बायका हरवल्या नाहीत, त्यांची आडनावं बदललीत. इथेही लग्नानंतर बदलतात, मग घटस्फोट, मग दुसरं लग्न, आणि आपली लिस्ट १९९१ च्या आडनावावर अडलेली. कॉम्प्युटरने सापडत नाहीत, मैत्रिणींनी सापडतात. प्रत्येक वर्षाच्या बॅचची एक प्रमुख नेम, तिला पंचवीस नावं दे आणि सांग एवढ्या शोध, पैसे मागू नकोस, नुसता फोन कर. आमच्या १९६४ च्या बॅचची आजी ऐंशीच्या पुढची होती, तिने ख्रिसमस कार्डांच्या डायरीतून एकोणीस शोधल्या.

नावं लावण्यावरून भांडणं होतील, ती होऊ दे. डायनिंग हॉल कुणाच्या नावाचा, लायब्ररी कुणाची, जिन्याची किंमत किती, अंगणातल्या विटेवर किती अक्षरं. पहिल्यांदा मला हे फार ओंगळ वाटलं होतं, मग आठवलं की आमच्या गावच्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव आहे आणि पंखा चालू असला की कुणालाच वाचता येत नाही, तरी देणाऱ्याने दिलाय. शाळेच्या घड्याळावर, बाकावर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. माणसं सगळीकडची सारखी. फक्त रेट आधी ठरवा आणि सगळ्यांना एकच ठेवा. मैत्रिणीला डिस्काउंट दिला की संपलं.

स.न. माझ्या बायकोने तिच्या जुन्या सोरोरिटीच्या घरासाठी २ हजार डॉलरचा चेक दिला. टॅक्समध्ये धरता येईल ना? आणि माझी कंपनी डोनेशनला मॅच करते, म्हणजे आपण दिले की तीही तेवढे घालते, तिकडे फॉर्म भरू का? — एक नवरा, न्यू जर्सी

चेक कुणाच्या नावाने लिहिलाय ते आधी बघा, उत्तर तिथेच आहे. एकाच सोरोरिटीच्या दोन-तीन संस्था असतात आणि नावं इतकी सारखी की बायकोलाही फरक माहीत नसेल. घर ज्यांच्या मालकीचं असतं ती हाउस कॉर्पोरेशन, अलम्नींनी चालवलेली. ती बहुतेक वेळा टॅक्स कायद्यातल्या ५०१ सी ७ म्हणजे सोशल क्लब या कलमाखाली असते. तिला दिलेला पैसा धर्मादाय नाही, टॅक्समध्ये धरता येत नाही, कंपनीही सहसा मॅच करत नाही. दुसरी असते फाउंडेशन, ५०१ सी ३ म्हणजे धर्मादाय, तिला दिलेलं धरता येतं, पण तिला तो पैसा शिक्षणाच्या कामालाच वापरता येतो. घर बांधताना अभ्यासिका, लायब्ररी, त्यातलं वायरिंग आणि टेबलं अशा भागाला फाउंडेशन ग्रँट देऊ शकते, झोपायच्या खोल्या आणि पार्टीच्या हॉलला नाही. म्हणून तुम्हाला नव्या घरांत एवढ्या मोठ्या अभ्यासिका दिसतात. मुली अभ्यास वाढलाय म्हणून त्यांत बसत नाहीत हो, आयआरएसमुळे, म्हणजे तिकडच्या इन्कम टॅक्स खात्यामुळे, बसतात.

हा भेद जावा आणि राहत्या घरालाही डोनेशन चालावं म्हणून काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षं बिलं आणली जातायत. तोपर्यंत आहे ते आहे.

तर पावती काढा, त्यावर संस्थेचं पूर्ण नाव आणि कलम बघा. सी ३ असेल तर कंपनीचा फॉर्म भरा, पुढच्या वेळी वाढलेले शेअर्स थेट द्यायचाही विचार करा म्हणजे त्यावरचा कॅपिटल गेन तुमच्या डोक्यावर येत नाही. तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे हिशेब न दाखवता मिळणारी ठरावीक सूट, घेत असाल तर नियम वेगळा असतो. सीपीएला, म्हणजे तिकडच्या सीएला, विचारा, मी खजिनदार होते, सीपीए नाही. आणि बायकोला "तुला काय गरज होती" असं म्हणाला असाल तर आधी ते मिटवा.

ताई, माझी मुलगी अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, सोरोरिटीत गेलीय. तिकडून आम्हा पालकांना पत्र आलं नवीन घरासाठी मदत करा म्हणून. आम्ही आधीच फीने वाकलोय. नाही दिलं तर मुलीला त्रास देतील का? आणि ती म्हणते आधी आमचं घरच नव्हतं कारण इतक्या मुली एका घरात राहिल्या तर तिथल्या कायद्याने तो कुंटणखाना ठरतो. हे ऐकून तिच्या बाबांची झोप उडालीय. — एक आई, नाशिक

बाबांना झोपू द्या. ही कुंटणखान्याची गोष्ट अमेरिकेतल्या कितीतरी कॅम्पसवर सांगतात, मीही १९८७ ला ऐकली होती आणि विश्वासही ठेवला होता. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा, कुठे सहा मुली, कुठे आठ, आणि कायदा दाखव म्हटलं की कुणाकडे नसतो. ही कॅम्पसवरची दंतकथा आहे, एवढंच. खरी कारणं कंटाळवाणी असतात, गावाचा झोनिंगचा नियम की नात्यात नसलेली इतकीच माणसं एका घरात राहतील, किंवा युनिव्हर्सिटी जमीनच देत नाही, किंवा पैसा नाही.

पैशाचं. नका देऊ. तुमची मुलगी तिथे राहिली तर भाड्यातून हप्ता भरणारच आहे, वर सांगितलंय तसं. ते पत्र सगळ्या पालकांना जातं, कोण देतं कोण नाही हे मुलींपर्यंत पोचू नये अशी पद्धत असते, तरी मुलीला सांगा की घरी विषय झाला आणि आमचं नाही असं ठरलं, म्हणजे तिला कुणी विचारलं तर ती गांगरणार नाही. उत्तर पाठवायचंच असेल तर दोन ओळी, आत्ता जमत नाही, शुभेच्छा. कारणं देत बसू नका. आपल्याला नाही म्हणताना चार कारणं द्यायची सवय असते आणि मग समोरचा प्रत्येक कारणावर तोडगा काढत बसतो.

एक मात्र तिला विचारायला सांगा, बांधकाम सुरू असताना त्या वर्षी मुलींची राहायची सोय कुठे आहे. घर ऑगस्टला तयार म्हणून सांगतात कारण नव्या मुलींची भरती तेव्हाच असते, आणि बांधकाम ते बांधकाम, पुण्यात काय आणि तिकडे काय. करार कॉर्पोरेशनशी झालाय का, तारीख हुकली तर हॉटेलचा खर्च कुणाचा, हे लेखी हवं.

महोदया, आपल्या सदरात असा विषय यावा याचेच आश्चर्य वाटले. ऐपतवाल्या घरच्या मुलींनी आणखी ऐपतवाल्या मुलींसाठी बंगला बांधावा आणि त्याला दान म्हणावे? आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत सहा जणी झोपतात. — एक ज्येष्ठ वाचक, दादर

काका, तुमचं निम्मं मान्य. दक्षिणेतल्या काही कॅम्पसवर पांढऱ्या खांबांची जी घरं उभी राहिलीत ती बघून मलाही दान हा शब्द तोंडात येत नाही. आणि पैसे देणाऱ्यांचा हात घराच्या आत किती खोल जातो तेही माहितीय. २०१३ साली अलाबामा युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्याच क्रिम्सन व्हाइट या पेपरने छापलं की उत्तम मार्क असलेल्या एका काळ्या मुलीला तिथल्या सोरोरिट्यांनी घेतलं नाही, आणि आतल्याच मुली पुढे येऊन बोलल्या की आम्हाला ती हवी होती, अडवलं ते अलम्नींनी. मोर्चा निघाला, युनिव्हर्सिटीला भरती पुन्हा उघडायला लावावी लागली. २०१३ म्हणतेय मी, १९६३ नाही. म्हणून ओहायोच्या बोलकीसाठी इथेच लिहून ठेवते, प्लेजच्या कागदावर स्पष्ट असू दे की देणाऱ्या बाईचं नाव भिंतीवर लागेल, पण कुणाला मेंबर करायचं यात तिला काडीचा अधिकार नाही. जिला हे चालत नाही तिचे पैसे नकोत.

पण राहिलेलं निम्मं ऐका. ही घरं सुरू झाली तेव्हा बंगल्याची हौस म्हणून सुरू झाली नाहीत. मुलींना कॉलेजात घेतलं पण राहायला जागा कोण देणार, मग जागा स्वतःच करायची. सिरॅक्यूजला अल्फा फाय नावाच्या सोरोरिटीने १८८६ मध्ये स्वतःच्या मालकीचं घर केलं, सोरोरिटीचं स्वतःचं असं ते पहिलं. आता १८८६ म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं? त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. आल्या त्या दोन वर्षांहून जास्त राहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, आणि कशासाठी, तर विधवा मुलींसाठी एक घर हवं होतं. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन झाली, जागोजागी रमाबाई सर्कल निघाली, बायकांनी दहा वर्षं दरसाल पैसे देऊ असं लिहून दिलं. काका, यालाच मी वर प्लेज म्हटलंय. त्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. रमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बायकांत फ्रान्सिस विलार्ड होत्या, दारूबंदी चळवळीतल्या, आणि त्या अल्फा फायच्या मेंबर होत्या. म्हणजे त्या काळी तिकडे हे मागण्याचं आणि देण्याचं तंत्र ज्या बायका शिकत होत्या त्यांच्यातल्या काहींचा पैसा आणि शब्द आपल्या मुलींच्या घराला लागलेला आहे.

आणि पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेतल्या पार्वतीबाई आठवले त्याच अमेरिकेत गेल्या, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, इंग्रजी येत नव्हतं, लोकांच्या घरी कामं केली आणि संस्थेसाठी पैसे जमवून आणले. मला २५ हजार मागताना घाम फुटला होता तेव्हा खरं तर त्या आठवायला हव्या होत्या. नाही आठवल्या.

एका खोलीत सहा जणींचं तुमचं म्हणणं जिव्हारी लागलं मात्र. त्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थिनींची यादी कुणाकडे आहे का हो? आडनावं बदललेली असतील. असेल तर मला कळवा, मी गंमत करत नाहीये.

हाय ताई! मी टेक्सासमध्ये देसी सोरोरिटीत होते, आमची सोरोरिटीच १९९८ ची, चॅप्टरला घरबिर काही नाही, मीटिंग लायब्ररीत नाहीतर कुणाच्या तरी अपार्टमेंटवर. आता आम्ही काही जणी बऱ्या कमावतोय तर एक घर घेऊन द्यावं असं डोक्यात आलंय. करू का? — देसी सिस्टर, डॅलस

नको गं. म्हणजे आत्ता नको. १९९८ च्या आसपास टेक्सासमध्येच तुमच्यासारख्या दोन-तीन निघाल्या, ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, म्हणजे तुमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आत्ता कुठे पंचेचाळिशीच्या पुढे. मोठे चेक साठीनंतर येतात, मुलांची कॉलेजं संपल्यावर. आणि तुमच्या चॅप्टरला मुली किती, वीस? वीस मुलींच्या जिवावर घराचा हप्ता, टॅक्स आणि छपराची गळती निघत नाही. दोन वर्षं भरती कमी झाली की घर बँकेचं.

घराशिवाय सोरोरिटी चालत नाही असं थोडंच आहे. काळ्या मुलींची अल्फा कप्पा अल्फा १९०८ ला हॉवर्ड युनिव्हर्सिटीत सुरू झाली, कमला हॅरिस त्यातल्याच, या सोरोरिटीच्या बहुतेक चॅप्टरना कॅम्पसवर घर नाही. पण कॉलेज संपल्यावरचे त्यांचे गावोगावचे ग्रॅज्युएट चॅप्टर बघ, पन्नाशीच्या बायका दर महिन्याला मीटिंगला येतात, वर्गणी भरतात, स्कॉलरशिप देतात. बऱ्याच कॅम्पसवर अशा संस्थांचे प्लॉट आहेत, म्हणजे युनिव्हर्सिटीच्याच जागेवर एक दगडी खांब किंवा बाक, वर अक्षरं, भोवती थोडी फरशी. मुली तिथे जमतात, फोटो काढतात, पावसात आत पळतात. तेवढं मागून बघा युनिव्हर्सिटीकडे.

आणि पैसे जमवायची सवय लावायची असेल तर हिंगण्याचा भाऊबीज फंड आठव, कर्व्यांच्या संस्थेचा. भाऊबीजेच्या सुमारास संस्थेला भाऊबीज घाला म्हणून घरोघरी फिरून पैसे जमवायचे, कुणी किती घातली याला महत्त्व नाही. मोठ्या कॅम्पेन एकदाच्या लग्नासारख्या असतात, नंतर संसार भाऊबीजेवर चालतो. तुम्ही चाळीस जणींनी महिन्याला २५ डॉलर टाकलेत तर वर्षाचे १२ हजार होतात, त्यात दरवर्षी दोन मुलींची तरी पुस्तकं आणि भाडं सुटेल. पंधरा वर्षांनी घराचं परत विचार, मी असले तर उत्तर देईन.

ताई, मागे एकदा तुम्ही म्हणाला होतात की तुमच्या सोरोरिटीच्या घरापुढे तुमच्या आईच्या नावाची वीट आहे. खरंच आहे का? — सहज विचारतेय, सांगली

आहे. मोठं काही परवडणारं नव्हतं, वीट घेतली. दोन ओळी, ओळीला चौदा अक्षरं. आईचं पूर्ण नाव बसेना, सौ. तर नाहीच, म्हणून वरच्या ओळीत अक्का आणि खालच्या ओळीत सांगली असं इंग्रजी लिपीत कोरून घेतलं. मागच्या वर्षी गेले होते तेव्हा दारातच एका मुलीने मला घर दाखवलं, मी कोण ते तिला माहीत नव्हतं. विटांपाशी आल्यावर म्हणाली, ही मिसेस सांगली, आमच्या फार जुन्या डोनर, परीक्षेला जाताना आम्ही सगळ्या हिच्यावर पाय देऊन जातो, लकी आहे म्हणतात. अक्काला पाय लागलेला चालला नसता. पण परीक्षेचं म्हटल्यावर चाललं असतं बहुतेक.